कळंबहून कळंबला

आमच्या आईला 'कळंब' म्हणता येत नाही, ती 'कयंब' म्हणते. वऱ्हाडी जिभेवर ळचा य होतो. डोळ्यांचे डोये होतात, सकाळची सकाय होते, शाळेची शाया होते. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, वर्गात रोज ळ म्हटला, पण आईच्या तोंडचा तो य ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं.

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर तिचं कयंब येतं. चिंतामणीचं. जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या पायऱ्या, खाली कुंड, आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलेला गणपती. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपसूक वर चढतं आणि देवाच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे. आईनं आयुष्यभर खाली जाणारं पाणीच पाहिलं. विहिरीचं पाणी खाली गेलं, मग बोअरचं गेलं. वर येणारं पाणी तिला एकच ठाऊक, ते चिंतामणीच्या कुंडातलं.

म्हणून धाकट्या बहिणीचा नालासोपाऱ्याहून फोन आला, "आई, यंदा ये. तुला कळंबच्या समुद्रावर नेते," तेव्हा आई गोंधळली. "कयंबले कुठी समुद्र हाये वं?" असं तिनं मलाच विचारलं. मी सांगितलं की हे कळंब वेगळं. नालासोपारा स्टेशनपासून पश्चिमेला, सुरूच्या बनापलीकडे, अरबी समुद्राच्या काठी त्याच नावाचं गाव आहे. कदंबाच्या झाडालाच मराठीत कळंब म्हणतात, म्हणून महाराष्ट्रात या नावाची गावं ठिकठिकाणी भेटतात. आईनं मान हलवली. तिच्या मनात मात्र ते एकच गाव राहिलं असावं, दोन टोकांचं.

त्याच सुमारास माझी एक मैत्रीण ग्रीसला जाऊन आली होती. फोनवरचे फोटो तिनं आईला दाखवले. अथेन्सपासून सत्तरेक किलोमीटरवर सुनिओन नावाचं भूशिर आहे. कड्यावर पोसायडन या समुद्रदेवाचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं मंदिर, त्याचे उभे राहिलेले पांढरे संगमरवरी खांब, आणि खाली निळं पाणी. सकाळी भग्नावशेष पाहायचे, दुपारी समुद्रात डुंबायचं, संध्याकाळी खांबांमधून मावळता सूर्य पाहून परतायचं, असा तिथला एका दिवसाचा शिरस्ता. आईनं खांबांवरून बोट फिरवलं. "आपल्याकडं असं नाही काय वं?"

इतका साधा प्रश्न, पण तो माझ्या विषयातला होता. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि तीस वर्षांत मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. वर्गात सोपारा म्हणजे एक ओळ: अशोकाच्या शिलालेखाचं ठिकाण. मुलं ती पाठ करायची, पेपरात लिहायची आणि मोकळी व्हायची. मी आईला म्हटलं, "आहे. बहिणीच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे."

माघातली गोष्ट. कापसाची शेवटची वेचणी उरकली होती. धामणगावहून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस पकडायची होती. निघताना आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, स्वतःच्याही ठेवली. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. तुळशीकडे वळून हात जोडले, उंबऱ्याला बोटं लावून कपाळाला लावली, आणि मगच पिशवी उचलली. बस चुकेल म्हणून मी घाई करत होते. ती शांतपणे बोटाला राहिलेलं दही चाटत होती. हे दही मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्याची गाठ पुढे सम्राट अशोकाशी पडणार आहे.

रविवारी सकाळी मी, आई आणि भाचा असे तिघे निघालो. रिक्षावाल्याला 'स्तूप' सांगितलं तर चालतं, पण गावातलं जुनं नाव आहे बुरूड राजाचा कोट. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारा. शूर्पारक हे सोपाऱ्याचं संस्कृत नाव, आणि शूर्प म्हणजे सूप. त्या नावातूनच बुरूड राजाची गोष्ट जन्मली असेल, असं मला आपलं वाटतं. चाळी, इमारती, मोबाइलची दुकानं, भाजीच्या गाड्या यांमधून रिक्षा वळत वळत जाते आणि एका कुंपणापाशी थांबते. आत मोठी झाडं, आणि झाडांच्या मधोमध विटांचा गोल चौथरा. तेवढंच. सुनिओनसारखं काही आकाशात उभं नाही. नजर वर न्यायची सवय इथे उपयोगाची नाही, खाली पाहावं लागतं.

आईनं खाली पाहिलं. वीट पाहिली, तिच्यावर हात ठेवला, आणि वितीनं मोजली. "लय मोठी वीट हाये. आताची याच्या निम्मी असन." मला त्या क्षणी वाटलं, ही बाई माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगली पुरातत्त्वज्ञ झाली असती.

1882 सालच्या एप्रिलमध्ये इथे पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं. भगवानलाल जुनागढचे, जन्म 1839चा. गावालगत गिरनारच्या पायथ्याशी अशोकाच्या लेखांची शिळा. तिच्यावरची न कळणारी अक्षरं वाचण्याचा नाद त्या मुलाला लागला आणि तो नाद त्याला मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांकडे घेऊन आला. हाती इंग्रजी पदवी नाही, पण शिलालेख वाचण्यात त्यांची बरोबरी करणारा त्या काळी विरळा. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली.

त्यांनी या ढिगाऱ्याच्या मध्यभागी खणलं तेव्हा दगडाची मोठी गोल पेटी लागली. झाकण उचललं तर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती कडं करून बसलेल्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती: सात बुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं. आणि त्या शेवटच्या सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याच्या तेरा बारक्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी त्या इतक्या जिवापाड जपल्या होत्या.

मी हे आईला सांगत होते तेव्हा ती ऐकता ऐकता थांबली. "सोन्यात माती ठेवली?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरोबर हाये. उलटं आपन करतो." हे सगळे करंडक आणि मूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.

पेटीत आणखी एक वस्तू होती, चांदीचं एक छोटं नाणं. गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. या नाण्यावर राजाचा चेहरा आहे. आज आपल्याला नाण्यावर चेहरा असणं इतकं सवयीचं झालं आहे की त्यात नवल वाटत नाही. पण सातवाहनांच्या बाकीच्या नाण्यांवर बहुधा हत्ती, जहाज, चैत्य, उज्जैनचं चिन्ह असतं, राजाचं तोंड नसतं. नाण्यावर राजाचा मुखवटा उमटवायची चाल आपल्याकडे आणली वायव्येच्या ग्रीक राजांनी. त्यांच्याकडून ती क्षत्रपांनी घेतली, क्षत्रपांकडून सातवाहनांनी. म्हणजे सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपाच्या पोटात, बुद्धाच्या भिक्षापात्राशेजारी, ग्रीकांची एक सवय चांदीच्या रूपात झोपून होती.

याच यज्ञश्रीची नाणी आमच्याकडेही निघाली आहेत. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी 1939मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा ठेवा सापडला, सोळाशेच्या आसपास नाण्यांचा. ती चांदीची नव्हेत, हलक्या मिश्रधातूची, हाटबाजारात फिरणारी. पण राजा तोच. तेव्हा वऱ्हाडचा माणूस सोपाऱ्यात परका नव्हता, त्याच्या कनवटीच्या नाण्यावर इथल्याच राजाचं नाव होतं.

आता 'यवन' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. बखरींत आणि जुन्या कादंबऱ्यांत यवन म्हणजे मुसलमान असा अर्थ इतका मुरला आहे की मूळ अर्थ हरवला. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचा आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश. तिथल्या लोकांना इराणी लोक यौन म्हणू लागले. त्यावरून आपल्या पालीत योन आणि संस्कृतात यवन. यवन म्हणजे मुळात ग्रीक, आणि पुढे समुद्रापलीकडून आलेला कुणीही पाश्चात्त्य. आमच्या यवतमाळच्या यवतशी त्याचा संबंध जोडायचा मोह विद्यार्थ्यांना व्हायचा. मी त्यांना थांबवायची. नावं सारखी दिसली म्हणून माणसं सारखी होत नाहीत.

पण यवन इथे आले, हे खरंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक खलाशानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात भडोचच्या दक्षिणेकडची बंदरं सांगताना पहिलं नाव येतं सुप्पारा, मग कल्याण. पैठण आणि तेर या आतल्या शहरांतून गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून माल भडोचला येतो, त्यात तेरचं सुती कापड पुष्कळ असतं, असंही तो नोंदवतो. ग्रीकांच्या अंगावर आपल्या काळ्या मातीतला कापूस होता. आईनं वेचलेला नव्हे, पण तिच्यासारख्याच कुणी वाकून वेचलेला.

आणि ते नुसते माल भरून परत गेले नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे अनेक यवन आहेत. एकाचं नाव सिहधय, एकाचं चक्क धम्म. त्याच खांबांच्या रांगेत सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या एका भाणकाचाही, म्हणजे सूत्रं म्हणणाऱ्याचा, खांब आहे. सुनिओनचे खांब ग्रीकांनी आपल्या देवासाठी उभे केले. कार्ल्याचे हे खांब त्यांनी दुसऱ्यांच्या धर्मासाठी, दुसऱ्यांच्या शैलीत, दुसऱ्यांच्या भाषेत नाव लिहून दिले. मला विचाराल तर हे दुसरे खांब अधिक मोलाचे.

श्रीलंकेचा 'महावंस' सांगतो की अशोकाच्या काळच्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेनंतर, निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक पाठवले गेले, तेव्हा अपरान्तात, म्हणजे या कोकणपट्टीत, जो भिक्षू आला त्याचं नाव योन धम्मरक्खित. एक ग्रीक माणूस सोपाऱ्याच्या मुलखात बुद्धाचा धम्म सांगायला आला. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे इथे उलटंपालटं होऊन जातं.

हे सगळं मला आईला एका दमात सांगायचं होतं. वळून पाहिलं तर ती जागेवर नव्हती.

ती झाडाखाली एका म्हाताऱ्या जोडप्याशी बोलत बसली होती. त्या बाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं, हातात खराटा होता. चौथऱ्याभोवतीची पानं त्यांनी नुकतीच झाडली होती. बाबांनी मेणबत्ती आणि उदबत्ती लावली होती. "कोन्या गावच्या तुम्ही?" आई विचारत होती, आणि त्या बाई म्हणाल्या, "दारव्ह्याजवयच्या. आता चाळीस वर्सं झाले इथंच, पन गाव तेच सांगतो." जवयच्या! तो य ऐकून आईचा चेहरा उजळला. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी वर्षभरात पाहिला नव्हता.

बाबा सत्तरच्या दशकात मुंबईला गिरणीत लागले होते, सूतकताईच्या खात्यात. 1982च्या जानेवारीत संप सुरू झाला, तो संपलाच नाही. परळची खोली गेली. इकडे जागा स्वस्त मिळायच्या म्हणून ते नालासोपाऱ्याला आले. त्यांच्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, दारव्ह्याहून निघून, वाटेत चालत आणि मिळेल त्या गाडीनं. आईनं विचारलं, घरी वावर होतं का? बाबा म्हणाले, नव्हतं, दुसऱ्याच्या वावरात मजुरी होती. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय पेरता? कापूस, आई म्हणाली. बाबा हसले. "मंग तुमच्या वावरातला कापूस मायाच हातून गेला असन, माय."

मी जवळ जाऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाही.

सोपाऱ्यात अशोकाच्या चौदा लेखांपैकी दोनांचे तुकडे सापडले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांना त्याच 1882मध्ये मिळाला, नवव्याचा जवळच्या भुईगावात 1956मध्ये मिळाला. हो, 1956. बाबांचे वडील नागपूरकडे निघाले त्याच वर्षी. बाकीचे बारा इथल्याच कुठल्या विहिरीच्या काठात, घराच्या पायात गेले असावेत. आणि नेमके हे दोनच उरावेत, याचं मला आता फार अप्रूप वाटतं, कारण दोन्हींत प्रवासाची गोष्ट आहे.

आठवा लेख सहलींबद्दल आहे. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकारीला आणि मौजमजेला. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचं तेही तो सांगतो: श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धन, आणि जनपदातल्या, गावाखेड्यांतल्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणं. यात मला आनंदापेक्षा थोर असा आनंद मिळतो, असं त्याचं म्हणणं. देऊळ पाहा, स्तूप पाहा, शिल्पं पाहा असं त्यानं कुठे म्हटलेलं नाही. माणसं पाहा, म्हणतो. आणि इथे मी विटा दाखवत होते तेव्हा माझी आई, या लेखाचं एक अक्षर न वाचता, त्यातली एकेक गोष्ट करत बसली होती.

नववा लेख मंगलांबद्दल. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळंतपणात आणि प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगलं करतात, आणि बायका तर फारच करतात, त्यांचं फळ थोडं, असं सम्राट म्हणतो. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्रांवर दया. हे सगळं मान्य आहे. पण बायकांच्या त्या बारीकसारीक मंगलांना तो क्षुद्र म्हणतो, तिथे माझं सम्राटाशी जमत नाही. तळहातावरच्या दह्यानं गाडी वेळेवर येत नाही, हे आईलाही कळतं. निघणाऱ्याच्या हातावर घरातली एक चव ठेवून द्यायची, परतायची आठवण म्हणून, एवढाच त्याचा अर्थ. घरी राहणाऱ्या बाईच्या हाती तेवढंच असतं. अशोकाला ते दिसलं नाही, कारण त्याला निरोप देणाऱ्या बाईचं म्हणणं कोणत्याही खडकावर कोरलं गेलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्याची ऋणी आहे. त्यानं आपला हुकूम सगळीकडे एकाच बोलीत लादला नाही. पूर्वेकडच्या लेखांत 'लाजा' आहे, गिरनारला तोच शब्द 'राजा' होतो. कंदाहारला तर ग्रीक प्रजेसाठी त्यानं ग्रीकमध्येच लेख कोरवला, तो 1958मध्ये सापडला. जिथली जीभ जशी वळते तसं राजाचं बोलणं वळलं. तेराव्या लेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग, अलिकसुंदर अशी पाच ग्रीक राजांची नावं येतात, तीही आपल्या तोंडाला रुळतील अशी करून. र चा ल, ळ चा य. त्याच्या राज्यात आईच्या 'कयंब'ला कुणी हसलं नसतं.

निघताना बाईंनी आईला घरी येण्याचं सांगितलं, आईनं त्यांना यवतमाळचं. दोघींनी एकमेकींचे हात धरून ठेवले होते. नंबर भाच्यानं फोनमध्ये घेतला.

दुपारी जेवून कळंबला गेलो. वाटेत गासची भाताची खाचरं, केळीच्या वाड्या, आळूची पानं, विहिरीवर पंप. इतकं हिरवं माघात! आईनं रिक्षातून मान बाहेर काढून एकेक वाडी पाहिली. सुरूच्या झाडांपाशी उतरलो. रविवारची गर्दी होती, घोडागाड्या, भेळ, पतंग. वाळू काळसर. ओहोटी लागली होती, त्यामुळे पाणी दूर गेलेलं. आई चपला हातात घेऊन चालत राहिली, ओल्या वाळूपाशी थांबली. निऱ्या जरा वर धरल्या. पहिली लाट पायांना लागून परत गेली तेव्हा तिच्या टाचेखालची वाळू सरकली, आणि तिनं चटकन माझा दंड धरला.

ती आनंदानं काही बोलेल असं वाटलं होतं. पण ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "इतकं पानी. अन् एकाही वावराले नाही."

यवतमाळच्या माणसानं समुद्राबद्दल यापेक्षा खरं काही म्हणू नये. आमच्याकडे सप्टेंबरात एक पाऊस हुकला की बोंडं भरत नाहीत, आणि बोंडं भरली नाहीत की घरात काय होतं ते साऱ्या देशाला माहीत आहे. मी तिला म्हटलं, "लागतं आई. तुझ्या वावराले येते ते हेच पानी." आणि मग सांगितलं. मृगात जे ढग येतात ते या समुद्रावरच्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं येतात. विदर्भाला बंगालच्या उपसागराकडूनही पाऊस मिळतो, पण यातलाही वाटा आहेच. याच वाऱ्यावर ते यवन यायचे. जुलैत इजिप्तची बंदरं सोडायची, तांबडा समुद्र उतरायचा, मग शिडात वारा भरून सरळ समुद्र कापत इकडे यायचं, आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत. त्यांनी या वाऱ्याला हिप्पालस असं नाव दिलं होतं. त्यांची जहाजं आणि आमची पेरणी एकाच वाऱ्याच्या भरवशावर. तो सुटला नाही तर इकडे बी वाया, तिकडे मिरी आणि कापड अडलेलं.

"अन् आपल्याकडंही होता समुद्र," मी पुढे म्हटलं. वणीकडे, राजूरच्या भट्ट्यांत जी चुनखडी भाजतात, तो चुनखडक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. दिवाळीला आईनं ज्या चुन्यानं भिंती सारवल्या तो समुद्रच होता. तिनं हे ऐकलं आणि डोळे किलकिले करून क्षितिजाकडे पाहिलं. "मंग तो गेला काऊन?" याचं उत्तर मी भूगर्भशास्त्राच्या भाषेत देऊ शकले असते. दिलं नाही.

भाचा पाण्यात लांब गेला होता, त्याला हाका मारून परत बोलावलं. अंधार पडायच्या आत आईनं कमरेची पिशवी उघडली, दोन रुपयांचं नाणं काढलं आणि लाटेत टाकलं. आमच्याकडे पूल ओलांडताना नदीत टाकतात तसं. त्या नाण्यावर चेहरा नव्हता.

परत आल्यावर शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुठे गेला होता. आईनं सांगितलं, "कयंबले." चिंतामणीले काय, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "तिथंही पानीच हाये, पन वर नाही येत, आडवं येते."

नालासोपाऱ्याला तुमचं कुणी असेल, आणि विदर्भातल्या पुष्कळांचं असतं, तर समुद्रावर जाण्याआधी सकाळी बुरूड राजाच्या कोटावर जा. आठव्या लेखाचा दगड पाहायचा असेल तर तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. तिथे कुणी पानं झाडत असेल तर त्यांचं गाव विचारा.